कुत्र्याच्या गुडघ्याचं लिगामेंट ऑपरेशन: सोबत होमिओपॅथी द्यावी का? (नागपूर)

मोरपीस

नमस्कार मंडळी,

आमचा लाडू सहा वर्षांचा लॅब्राडोर आहे. दिवाळीपासून तो अधूनमधून मागचा उजवा पाय उचलून धरायचा. चार दिवस विश्रांती दिली की बरा, मैदानावर पळाला की पुन्हा तेच. मग एका सकाळी पाय टेकवेचना. डॉक्टरांनी भूल देऊन गुडघा हलवून पाहिला, एक्स-रे काढले आणि क्रूशिएट लिगामेंट तुटल्याचं सांगितलं. वजन भरपूर आहे, त्यामुळे टीपीएलओ नावाचं ऑपरेशन करायचं ठरलं. ऑपरेशन नीट पार पडलं, टाकेही निघाले. आता घरी सक्तीची विश्रांती चालू आहे.

प्रश्न होमिओपॅथीचा आहे. माझ्या सासूबाईंचा तिच्यावर पूर्ण विश्वास. त्यांची गोळ्यांची पेटी आमच्या घरात कपाटातल्या दागिन्यांइतकी जपली जाते, आणि लाडूवर त्यांचा जीव माझ्यापेक्षा जास्तच आहे. त्यांनी आर्निका, रूटा, रस टॉक्स आणि सिम्फायटम अशा चार बाटल्या काढून ठेवल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की पेनकिलरने किडनी-लिव्हर खराब होतात, तेव्हा ती लवकर थांबवून आर्निकावर आणावं. आणि रूटा तर लिगामेंटचंच औषध, मग ते का नाही द्यायचं?

मला घरात भांडण नको आहे, पण लाडूला दुखत राहिलेलंही नको आहे. याचा उपयोग होतो का, अपाय होऊ शकतो का, ते अनुभवी लोकांनी सांगावं. आम्ही त्रिमूर्तीनगरला पहिल्या मजल्यावर राहतो, घरभर गुळगुळीत टाइल्स आहेत आणि उन्हाळा तोंडावर आहे. त्याबद्दलही काही सुचलं तर लिहा.

तर्रीपोहे

ताई, लाडूले आमच्या घरून लय प्रेम. आमच्या शेरूचं नायलॉनच्या दोऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो बारका होता म्हणून डॉक्टर म्हणे याले हाड कापायची गरज नाही, बाहेरून दोरा टाकून गुडघा धरून ठेवू. तेव्हा माझ्या आईनं आर्निका देली होती. फरक पडला असं वाटलं आम्हाले, खोटं काहून बोलू. पण डॉक्टरनं लिहून देलेली पेनकिलर एक वेळही चुकवली नाही. सासूबाईले हे मात्र सांगाच.

शततारका

मी होमिओपॅथीची पदवीधर आहे, माणसांवर प्रॅक्टिस करते. मोरपीस, तुमच्या सासूबाईंनी काढलेली नावं शास्त्रातलीच आहेत. आर्निका मुका मार आणि ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी देतात. रूटा अस्थिबंध आणि हाडावरच्या आवरणासाठी, रस टॉक्स पहिली पावलं टाकताना दुखणं आणि चालल्यावर मोकळं वाटणं या लक्षणासाठी, सिम्फायटम हाड सांधण्यासाठी. हे आमच्या मटेरिया मेडिकामध्ये, म्हणजे औषधांच्या ग्रंथात, आहे आणि मी ते रुग्णांना देते.

पण पेनकिलर बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही, कुत्र्याच्या बाबतीत तर नाहीच. तो बोलून सांगू शकत नाही. द्यायचं असेल तर सोबत द्या आणि त्याच्या डॉक्टरांना कळवून द्या.

विदर्भपशुवैद्य

मी पशुवैद्य आहे, बहुतेक काम कुत्र्या-मांजरांवरच असतं. लाडूला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्या सर्जननी जे सांगितलं असेल ते अंतिम धरा. पण विषय फार वेळा समोर येतो म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रूटाबद्दल. टीपीएलओमध्ये लिगामेंट शिवत नाहीत आणि नवीन बसवतही नाहीत. तुटलेलं ते तुटलेलंच राहतं. हे ऐकून बहुतेक घरांत लोक चकित होतात.

कुत्रा नुसता उभा असला तरी त्याचा गुडघा वाकलेला असतो, आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग मागच्या बाजूला उतरता असतो, सर्वसाधारणपणे २५ अंशांच्या आसपास. पायावर भार आला की नडगी पुढे सरकू पाहते. उतारावर उभी केलेली हातगाडी दोरीने बांधून ठेवावी, तसं हे लिगामेंट तिला धरून ठेवतं. बहुतेक कुत्र्यांत ही दोरी एका उडीत तुटत नाही. ती महिनोन्महिने आतून झिजत असते, धागा धागा सुटत असतो, आणि एक दिवस उरलेली तुटते. दिवाळीपासूनचं लाडूचं अधूनमधून लंगडणं हेच होतं. अमेरिकेतले पशुशल्यविशारद बार्कले स्लोकम यांनी दोरी बदलण्याऐवजी उतारच काढून टाकायचं ठरवलं. गोल करवतीने हाड कापायचं, वरचा तुकडा फिरवून उतार पाचेक अंशांवर आणायचा आणि प्लेट-स्क्रूने घट्ट करायचा. १९९३ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि मोठ्या वजनाच्या कुत्र्यांसाठी ती आज जगभर वापरली जाते.

म्हणजे लाडूच्या पायात आज जे भरून यायचं आहे ते कापलेलं हाड आहे. त्याला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. या काळात प्लेट आणि सहा-सात स्क्रू त्याचा सगळा भार पेलतात. त्याने सोफ्यावर एक उडी मारली तर ते हलू शकतं. अशा वेळी कोणती गोळी द्यायची यापेक्षा त्याला उडी मारू कशी द्यायची नाही, हा प्रश्न कितीतरी पटींनी मोठा आहे.

आता गोळ्या. बाटलीवर ३० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मूळ अर्क शंभरपटीने पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केली. म्हणजे १ वर ६० शून्यं इतका पातळ. रसायनशास्त्रात ॲव्होगाड्रो संख्या १ वर २३ शून्यांच्या घरातली, त्यामुळे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता संपते. २०० पोटेन्सीत तर काहीच विचारू नका. उरते साखर. म्हणून ३० किंवा २०० च्या चार गोळ्यांनी लाडूला थेट अपाय होणार नाही, आणि त्याच कारणाने त्याचं हाडही लवकर सांधणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून असा निष्कर्ष काढला की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने २०१७ मध्ये पशुवैद्यांना बजावलं की असे उपचार सिद्ध उपचारांच्या जागी नकोत, फार तर त्यांच्या सोबत. माझंही मत तेच आहे.

अपाय कशाने होतो, ते मात्र जपून वाचा. मदर टिंक्चर ही वेगळी गोष्ट आहे. त्यात खरोखर वनस्पतीचा अर्क असतो आणि भरपूर अल्कोहोल असतं. कुत्र्याला अल्कोहोल विषारी आहे. आर्निकाचा अर्क पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते आणि सिम्फायटममध्ये लिव्हरला इजा करणारी अल्कलॉइड्स असतात. बाटलीवर क्यू लिहिलेलं असेल तर ती लाडूच्या जवळही नेऊ नका. जखमेवर चोळायलाही नाही, कारण तो चाटणार.

सगळ्यात मोठा अपाय होतो तो पेनकिलर परस्पर बंद केल्याने. दुखणारा कुत्रा पाय टेकत नाही, न टेकल्याने मांडीचा स्नायू भराभर उतरतो, आणि उतरलेला स्नायू परत यायला महिने जातात. किडनी-लिव्हरची सासूबाईंची काळजी चुकीची नाही, म्हणूनच आम्ही रक्ततपासणी करून, वजनावर मोजून आणि ठरावीक मुदतीसाठीच औषध देतो. ते जेवणासोबत द्या. उलटी, काळी शी, जेवण सोडणं, हिरड्या पिवळट दिसणं यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न देता फोन करा. आणि घरातल्या माणसांच्या पेनकिलर कधीही नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला अल्सर होतो, किडनी बंद पडू शकते. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी आपल्या देशात २००६ पासून बंदच आहे. बंदी गिधाडांमुळे आली, पण कुत्र्यालाही ते नकोच.

मोरपीस

डॉक्टर, मनापासून आभार. लिगामेंट शिवतच नाहीत हे आम्हाला घरात कोणालाही माहीत नव्हतं. तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, तो त्यांच्याच शब्दांत टाकते: "माणसाला औषध घेतोय हे माहीत असतं म्हणून मनाने बरं वाटतं, असं म्हणता ना? मग लाडूला कुठे माहीत आहे त्याच्या तोंडात काय ठेवलं? कुत्र्याला बरं वाटलं तर ते औषधानेच वाटलं."

मला याचं उत्तर देता आलं नाही. आणि दुसरं म्हणजे, त्याला दुखतंय हे ओळखायचं कसं? तो कधी रडत नाही.

आकाशवेल

सासूबाईंचा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचं उत्तरही आहे. मी जीवशास्त्र शिकवते.

लाडूला माहीत नाही, पण पाहणाऱ्याला माहीत आहे. तो बरा आहे की नाही हे तो सांगत नाही, आपण सांगतो. यावर २०१२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांचा पाय जमिनीवर किती जोर देतो हे यंत्रावर मोजलं आणि मालकांनाही विचारलं. यंत्रावर सुधारणा नसतानाही बऱ्याच मालकांना कुत्रा सुधारल्याचं दिसलं. पशुवैद्यांनी डोळ्यांनी पाहून दिलेल्या मतांतही तेच आढळलं. याला सांभाळणाऱ्याचा प्लासिबो म्हणतात. जीव अडकलेला असला की नसलेली सुधारणाही दिसू शकते, आणि यात कोणाचा खोटेपणा नसतो.

शिवाय ऑपरेशननंतर कुत्रा तसाही दर आठवड्याला सुधारतच असतो. त्या काळात जे काही द्याल त्याला श्रेय मिळतं. तर्रीपोहे यांच्या शेरूचंही मला असंच वाटतं, रागावू नका.

तर्रीपोहे

रागवायचं काय त्यात. पेनकिलरही चालूच होती, दोराही टाकलेला होता, आईची आर्निकाही होती. कशानं बरा झाला ते मी कसं सांगू. तुमचं पटते.

शततारका

आकाशवेल, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. पण होमिओपॅथीत एकाच आजाराला सगळ्यांना एकच औषध नसतं, प्रत्येकाच्या लक्षणांवरून निवडतात. सरसकट गोळी देऊन केलेल्या चाचण्यांतून तिला न्याय मिळत नाही असं आम्हाला वाटतं. आणि वर्षानुवर्षं समोर बरे होणारे रुग्ण पाहिलेल्या माणसाला एका आकड्याने ते सोडून दे म्हणणं सोपं नसतं.

विदर्भपशुवैद्य

शततारका, तुम्ही पेनकिलर बंद करू नका असं पहिल्याच प्रतिसादात लिहिलंत, त्याबद्दल तुमचे आभार. ते वाक्य इथे तुमच्या तोंडून येणं माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

प्राण्यांवरच्या होमिओपॅथीची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करणाऱ्या चाचण्यांचा आढावा २०१४ मध्ये घेतला गेला, तो होमिओपॅथीकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या संशोधकांनीच घेतला होता. विश्वासार्ह म्हणाव्यात अशा चाचण्या त्यांना मोजक्याच सापडल्या आणि त्यांचे निकाल एका दिशेने जात नव्हते, त्यामुळे ठाम निष्कर्ष काढता येत नाही असंच त्यांनी लिहिलं. दोनशे वर्षांहून जुनी पद्धत आहे. हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडणी सुरू केली. एवढ्या काळात स्पष्ट परिणाम असता तर तो दिसायला हवा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो, तुमच्यासाठी नाही, इतर वाचकांसाठी. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. कुणी माणसांचे डॉक्टर, मग ते कोणत्याही पॅथीचे असोत, कुत्र्यासाठी चिठ्ठी लिहून देत असतील तर ती घेऊ नका.

मोरपीस, दुखणं ओळखण्याबद्दल. कुत्रा रडत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका. रात्री कूलरसमोर असूनही धापा टाकतो, बसतो-उठतो पण आडवा होऊन झोपत नाही, टाक्यांची जागा नाही तर गुडघाच सारखा चाटतो, हात लावायला गेलं की मान वळवून हाताकडे बघतो, जेवणाच्या भांड्याकडे उशिरा येतो. ही सगळी दुखण्याची लक्षणं आहेत. टीपीएलओनंतर बहुतेक कुत्रे पहिल्या एक-दोन आठवड्यांत पंजा टेकवायला लागतात आणि लंगडणं हळूहळू कमी होत जातं. चांगला चालत असलेला कुत्रा अचानक पुन्हा पाय उचलायला लागला तर वाट पाहू नका. गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली असू शकते, संसर्ग असू शकतो, स्क्रू हललेला असू शकतो. त्या दिवशी कोणी रस टॉक्स देऊन बघू म्हणालं तर तेवढं ऐकू नका. थेट एक्स-रे.

शेवंता

मी गोळ्यांच्या वादात पडत नाही. आमच्या रॉटवायलरचं हेच ऑपरेशन भर मे महिन्यात झालं होतं, मानेवाड्यात. नागपूरच्या उन्हाळ्यातले सल्ले देते.

टाइल्स हा तुमचा पहिला शत्रू. त्याच्या वावरण्याच्या सगळ्या वाटेवर रबरी मॅट टाका, ती जिममध्ये घालतात ती, नाहीतर योगा मॅट. सतरंजी किंवा पायपुसणं घालू नका, ते टाइलवर सरकतं आणि त्याच्यासकट सरकतं. कूलरखाली पाणी ठिबकतं तिकडे तर त्याला जाऊच देऊ नका. आम्ही कूलर खिडकीबाहेर स्टँडवर लावला आणि वाळ्याच्या ताट्यांवरून गळणारं पाणी बाहेरच्या बाहेर पडेल असं केलं. पंजाच्या गाद्यांमधले केस कापून घ्या, नखंही.

पिंजरा मोठा मिळाला नाही म्हणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन बाजूंनी भिंत आणि दोन बाजूंनी लोखंडी जाळी लावून जागा केली. उभा राहता येईल, वळता येईल, उडी मारता येणार नाही, एवढीच. घरातलं कोणीतरी त्याच कोपऱ्याजवळ बसेल असं बघा, नाहीतर तो एकटा पडल्यासारखा होतो.

जिना हा खरा प्रश्न. शी-शूसाठी खाली न्यायला पोटाखालून मोठा टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागचा भार आपल्या हातात येतो. जिन्यावर दोन माणसं हवीतच. गच्चीवर किंवा बाल्कनीत मातीचा ट्रे ठेवून तिथे सवय लागली तर त्याहून चांगलं.

फिरवण्याची वेळ पहाटे सहाच्या आत आणि रात्री रस्ता गार झाल्यावर. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवून बघा. पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजे भाजतील, आणि ज्याचे तीनच पाय धड चालतायत त्याला ते परवडत नाही. ४५ डिग्रीत गळ्यात कोन (जखम चाटू नये म्हणून लावतात ती कॉलर) असलेला कुत्रा पाणी कमी पितो, कारण कोन भांड्याला अडतो. भांडं विटेवर उंच ठेवा.

खामल्याची

शेवंता यांनी जिन्याचं लिहिलं ते अगदी खरं. एक विचारते, बर्फ शेकायचा का? आम्हाला कोणी गरम सांगितलं, कोणी थंड.

विदर्भपशुवैद्य

पहिले दोन-तीन दिवस थंड. टॉवेलमध्ये गुंडाळून, एका वेळी १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सूज उतरल्यावर व्यायामाआधी हलकं गरम चालतं, पण टाके ओले होऊ देऊ नका. सांधा हळूहळू वाकवण्या-सरळ करण्याचा व्यायाम सर्जन सांगतील तेव्हाच सुरू करा आणि कुत्र्याने आडकाठी केली तिथे थांबा.

मोरपीस, एक सुचवू का? सासूबाईंच्या हातात हे काम द्या. मांडीच्या स्नायूला रोज हलक्या हाताने मालीश करायची असते, पंजा हळूहळू हलवायचा असतो. ते नेमाने आणि न कंटाळता करणारं माणूस घरात असणं हे कुत्र्याचं नशीब असतं. गोळीत जे नाही ते या हातात असतं.

मोरपीस

डॉक्टर, हे वाचून सासूबाई लगेच उठल्या आणि लाडूशेजारी जाऊन बसल्या. तुम्ही नेमकं ओळखलंत. त्यांना त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं.

बर्डीकर

वजनावर कोणीच बोललं नाही. लॅब्राडोर म्हटलं की मला पहिली काळजी तीच. जातच अशी आहे की पोट कधी भरलं असं वाटतच नाही, आणि या गुडघ्याच्या दुखण्यात वजन हा मोठा भाग आहे. त्यात आता व्यायाम बंद.

अमेरिकेत ४८ लॅब्राडोरवर त्यांच्या पिल्लू वयापासून मरेपर्यंत अभ्यास झाला होता, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा सुरू झालं. कुठल्याही गोळीने असं केल्याचं मी वाचलेलं नाही.

आमच्याकडे तर आजी तूप लावलेली पोळी, आजोबा टोस्ट, मुलं बिस्किट, असं प्रत्येकाचं "थोडंसंच" चालायचं. सगळ्यांनी दिवसभराचं देणं एकाच डब्यात टाकायचं आणि कुत्र्याला त्या डब्यातूनच द्यायचं ठरवलं, तेव्हा डबा बघून सगळे गप्प झाले. बरगड्यांवर हात फिरवा. दाबल्याशिवाय बरगडी लागली पाहिजे, वरून कंबर दिसली पाहिजे. नसेल दिसत तर खाणं कमी करा. पोळीऐवजी काकडी, गाजर, उकडलेला दुधी द्या, लॅब्राडोर तेही आनंदाने खातो.

विदर्भपशुवैद्य

बर्डीकर यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. जोडायचंच तर माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ला सांध्यांसाठी बऱ्यापैकी आधार आहे. मात्रा डॉक्टरांना विचारून, जास्त झालं तर जुलाब होतात आणि तेलाच्याही कॅलरी असतात.

शततारका

मी या चर्चेत एकच गोष्ट मान्य करून जाते. रूटाचा जो उपयोग आमच्या पुस्तकात आहे तो लिगामेंटच्या दुखण्यात. या ऑपरेशनमध्ये लिगामेंट दुरुस्तच होत नसेल, तर या कुत्र्याला रूटा देण्याला आमच्याच शास्त्राने फारसा अर्थ उरत नाही. मोरपीस, चार बाटल्या नकोत. सासूबाईंना समाधान हवंच असेल तर एक आर्निका ३०, तीही डॉक्टरांना सांगून.

मोरपीस

धागा वर काढते आहे, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

आठ आठवड्यांचा एक्स-रे झाला. कापलेल्या जागी हाड छान भरत आहे, प्लेट-स्क्रू जिथल्या तिथे आहेत. सर्जननी आता दोरीवरचं फिरणं दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवायला सांगितलं आहे. पळणं, उड्या, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती अजून बंद. बसून-उठण्याचा व्यायाम सुरू केला आहे, भिंतीला लागून, म्हणजे तो पाय बाजूला फेकून बसत नाही. वजन तीन किलोंनी उतरलं, बर्डीकर यांच्या डब्याचा तो परिणाम.

पेनकिलर सर्जननी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण दिली आणि मग त्यांच्या सांगण्यानेच थांबवली. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, ते पाहून सासूबाईंची मोठी काळजी मिटली. रूटा, रस टॉक्स आणि सिम्फायटम पेटीत परत गेल्या. आर्निकाच्या गोळ्या त्यांनी काही दिवस संध्याकाळी दिल्या, सर्जनना सांगून. त्यांचं मत त्यांच्यापाशी आहे, माझं माझ्यापाशी. मालीश मात्र दोन्ही वेळा त्याच करतात, आणि मांडीचा घेर भरत असल्याचं सर्जननी टेप लावून दाखवलं.

गोरेवाडा

नवीन सदस्य. सगळा धागा वाचला, फार मदत झाली. आमच्या मादी लॅबचं याच गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं आणि ती मस्त पळते. पण आता दुसरा पाय थोडा आखडल्यासारखा वाटतो. हे मनाचे खेळ आहेत का?

शिवाय खासगी दवाखान्यांत खर्च फार होतो. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येतं का?

विदर्भपशुवैद्य

मनाचे खेळ नाहीत, दाखवून घ्या. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी ४० ते ६० टक्क्यांत पुढे दुसऱ्याचंही जातं, कारण झीज दोन्हीकडे असते. ती बसते कशी ते बघा. दोन्ही टाचा पोटाखाली घेऊन सरळ बसण्याऐवजी एक पाय बाजूला पसरून बसत असेल, किंवा उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन अंग ओढत असेल, तर गुडघा दुखतोय असं समजा. दोन्ही मांड्या एकाच वेळी हातात धरून जाडी ताडून बघा.

सेमिनरी हिल्सला जरूर जा. १९५८ पासूनचं महाविद्यालय आहे, रुग्णालय त्याला जोडलेलंच आहे, शल्यचिकित्सेचा विभाग आहे, एक्स-रे होतो. सकाळी लवकर पोहोचा, आधीच्या ऑपरेशनची फाइल आणि जुने एक्स-रे सोबत न्या. तिला आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नका, गुडघा नीट तपासायला भूल द्यावी लागू शकते. पाणी चालेल. आणि तोवर पळणं बंद, फक्त दोरीवर.